मुरिंग डॉल्फिनला भूकंप ‘गव्हर्न’ करत नाही, मग डिटेलिंग सोडून द्यायचं का?

खाडीकाठची:

नमस्कार. बंदर-जेट्टीच्या कामातली मंडळी इथे आहेत म्हणून विचारतेय. जरा सविस्तर लिहिते, सांभाळून घ्या.

मी ठाण्यातल्या एका कन्सल्टन्सीत डिझाइनला आहे. सध्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीच्या तोंडाशी लिक्विड कार्गोची जेट्टी चालू आहे. मधे लोडिंग प्लॅटफॉर्म, त्याच्या दोन्ही अंगांना ब्रेस्टिंग डॉल्फिन (पाण्यातले सुटे चौथरे, ज्यांना जहाज टेकतं), त्यापलीकडे मुरिंग डॉल्फिन (ज्यांना जहाजाचे दोर बांधतात), आणि एकातून दुसऱ्यावर जायला कॅटवॉक. माझ्या वाट्याला मुरिंग डॉल्फिन आलेत. प्रत्येकाला १२०० मिमी व्यासाच्या ८ पाइल्स (जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब), त्यातल्या ४ उभ्या आणि ४ तिरक्या, म्हणजे रेकर. वर गाळ, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. सॉकेट, म्हणजे पाइलचं रुतवलेलं टोक, पाषाणात. गाळाच्या पातळीपासून कॅपच्या (पाइल्सची डोकी बांधणाऱ्या काँक्रीटच्या ठोकळ्याच्या) तळापर्यंत मोकळी लांबी साधारण १८ मीटर.

प्रत्येक डॉल्फिनवर १०० टनी दोन क्विक रिलीज हुक (दोर झटकन सोडता येणारे), म्हणजे दोराची ओढ २०० टन. भूकंपाचं गणित असं: भूकंपाचा झोन ३ म्हणून झेड ०.१६, महत्त्वाचं बांधकाम म्हणून आय १.५, आर (न तुटता वाकण्याबद्दल जोरात मिळणारी सूट) ५ आणि स्पेक्ट्रमच्या (कालावधीप्रमाणे हादरा किती वाढतो त्या आलेखाच्या) सपाट भागातला २.५. सूत्राप्रमाणे झेडला दोनाने भागून गुणांक येतो ०.०६. कॅप, हुक आणि पाइल्सचा वरचा अर्धा भाग मिळून वजन ५०० टन धरलंय, त्यामुळे भूकंपाचा आडवा जोर ३० टन.

साहेबांनी आकडे पाहिले आणि म्हणाले, “२०० पुढे ३०. भूकंप गव्हर्न करत नाही, डिझाइन ओढीवरच ठरतं. रिपोर्टमध्ये तशी ओळ टाक आणि पुढे चल.” मी पाइलच्या डोक्याशी आयएस १३९२० (भूकंपासाठी सळ्यांच्या मांडणीचं, म्हणजे डिटेलिंगचं मानक) प्रमाणे उभ्या सळ्यांभोवती १०० मिमीवर रिंगा दाखवल्या होत्या, त्या काढून वरपासून खालपर्यंत २०० मिमी करायला सांगितलंय. कॉन्ट्रॅक्टरचंही तेच. रिंगा जवळ घेतल्या की टर्मीने (पाण्याखाली काँक्रीट सोडायच्या पाइपने) ओतलेलं काँक्रीट कव्हरपर्यंत, म्हणजे सळ्यांबाहेरच्या थरापर्यंत, पोचत नाही म्हणतो.

गणित चुकलेलं नाही, पण मन मानत नाहीये. शेजारी ज्वालाग्राही माल घेऊन जहाज उभं राहणार आहे. जोर कमी आला म्हणून भूकंपाचा विषय तिथेच संपतो का? आणि जहाज बांधलेलं असताना धक्का बसला तर त्याचं वस्तुमान डॉल्फिनच्या गणितात घ्यायचं की नाही? आमच्याकडे दोन जणांनी दोन उत्तरं दिली.


स्ट्रक्चर_पुणे:

मॅडम, साहेबांचं बरोबर आहे असं मला वाटतं. झोन ३ आहे, कच्छ नाही. आपल्या किनाऱ्यावर इतक्या जेट्ट्या उभ्या आहेत, कुठल्याही डॉल्फिनचं डिझाइन भूकंपावर ठरलेलं मी पाहिलेलं नाही. बर्थिंग आणि मुरिंगच ठरवतात. २०० टनांसाठी बनवलेली वस्तू ३० टनांना घाबरत नाही. जहाजाचं वस्तुमान धरत नाहीत.


जुना_कांडलाकर:

ताई, मी बंदरांच्या दुरुस्तीच्या कामात आयुष्य काढलं, आता घरी असतो. एरवी इथे नुसता वाचतो. पण तुमच्या साहेबांनी जी ओळ टाकायला सांगितली ती ओळ मी बऱ्याच रिपोर्टांत पाहिलीय, म्हणून आज लिहायला बसलो.

आधी तुमचा आर बघा. ५ कुठून घेतलात? भूकंपाच्या मानकाच्या, आयएस १८९३ च्या, पहिल्या भागातला तो तक्ता इमारतींचा आहे, आणि त्यातही ५ हा आकडा खास तन्य (न तुटता वाकेल असं) डिटेलिंग केलेल्या चौकटीचा आहे. म्हणजे आयएस १३९२० पाळलेल्या चौकटीचा. साध्या चौकटीला त्याच तक्त्यात ३ आहे. तेव्हा ५ ने भागून जोर ३० टनांवर आणायचा, आणि जोर ३० टनच आहे म्हणून १३९२० च्या रिंगा काढून टाकायच्या, हे एकत्र चालत नाही. ज्या रिंगांच्या बळावर ती सूट मिळाली त्याच रिंगा आपण कापतोय. तुमचं मन मानत नाही ते याचमुळे, आणि ते बरोबर सांगतंय.

आता सूट न घेता आकडा काढा. आर १ धरला तर गुणांक ०.३, जोर १५० टन. आणि सूत्रातला तो दोनाचा भागाकार विसरू नका. झेड हा मोठ्यात मोठ्या अपेक्षित भूकंपाचा, त्याचा अर्धा घेऊन आपण डिझाइन करतो. अर्धा न करता काढलं तर ३०० टन. आता हुकाचे २०० आणि हे ३०० शेजारी ठेवा आणि ‘गव्हर्न करत नाही’ हे वाक्य परत म्हणून बघा. २०० आणि ३०० मधली दरी ताकदीने भरायची नसेल तर पाइल न तुटता वाकली पाहिजे. वाकायची सोय म्हणजे त्या रिंगा.

दुसरं, दिशा. हुकाची ओढ जहाजाकडे असते, एका ठरावीक पंख्यात. तुमच्या रेकर त्याच हिशोबाने लावल्या असणार. भूकंप विचारून येत नाही. तो जेट्टीच्या लांबीला समांतर येईल, किनाऱ्याकडून येईल, आणि धक्क्याधक्क्याला उलटेल. ओढीत दाबाखाली असलेली रेकर उलट्या धक्क्यात ताणात जाते. तेव्हा कॅपमध्ये तिच्या सळ्या किती आत गेल्यात आणि सॉकेट उपसायला किती जोर लागेल, हा प्रश्न येतो. तुमच्या साहेबांच्या २०० विरुद्ध ३० मध्ये हा हिशोब कुठेच नाही.

रेकरबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण माझ्या मते तुमच्या ड्रॉइंगमधली सगळ्यात काळजीची गोष्ट तीच आहे. १७ ऑक्टोबर १९८९ ला कॅलिफोर्नियात लोमा प्रीएटाचा भूकंप झाला. केंद्र ओकलंड बंदरापासून बरंच लांब होतं. तरी तिथल्या सेव्हन्थ स्ट्रीट टर्मिनलच्या धक्क्यातल्या तिरक्या पाइल्स डोक्याशी, डेकला जिथे जोडलेल्या असतात तिथेच तुटल्या. उभ्या पाइल्स बऱ्याच अंशी वाचल्या. कारण सरळ आहे. तिरकी पाइल आडव्या जोराला कैचीसारखी ताठ असते, म्हणून सगळा जोर ती स्वतःकडे ओढून घेते. उभ्या पाइल्स हलायच्या आत हिचं डोकं गेलेलं असतं. भरीला मागचा वाळूचा भराव पातळ होऊन पुढे सरकला.

तुमच्याच आकड्यांवर बघा. आठही पाइल्स उभ्या घेतल्या, भेगा पडल्यावरचा ताठपणा निम्मा धरला आणि गाळाखाली ४ मीटरवर त्या पक्क्या धरल्या, तर डॉल्फिनचा कालावधी, म्हणजे एका हेलकाव्याचा वेळ, १.२ सेकंदाच्या आसपास येईल. मऊ जमिनीच्या वक्रावर तिथे २.५ च्या जागी १.४ मिळतो. तोच मोठा भूकंप, सूट न घेता, ३०० वरून १७० टनांवर उतरतो. रेकर घातल्या की कालावधी अर्ध्या सेकंदाच्या आत जातो आणि तुम्ही परत २.५ वर. म्हणजे ताठपणा आपण विकत घेतला आणि त्याच्याबरोबर जोरही घेतला. उभ्या पाइल्सवर हुकाच्या पूर्ण ओढीने डॉल्फिन १३-१४ सेंटीमीटर झुकेल. मुरिंग डॉल्फिनला ते चालतं, त्यावर काही क्रेन चालत नाही. नीट गणित करून बघा, मी हे वहीच्या पानावर केलंय.

भूजच्या भूकंपातल्या कांडला बंदराचं सांगतो. २६ जानेवारी २००१, सकाळी पावणेनऊ. केंद्र भचाऊच्या बाजूला, बंदरापासून साधारण ५० किलोमीटर. नंतर आमची माणसं तिथे गेली तेव्हा ओहोटीला छोटी होडी घेऊन डेकखाली शिरायचं, बॅटरी मारत एकेक पाइल बघायची. डेकवरून काही कळत नाही, वर सगळं जागेवर दिसतं. खाली गेल्यावर पाइल आणि बीम जिथे मिळतात तिथे वेढा घातल्यासारखी आडवी भेग. बोटाने कालव्यांची पूड झटकली की ती पुढे कुठवर गेलीय ते दिसायचं. पाइल मधे ठणठणीत आणि डोक्याशी फुटलेली. त्या दृश्यानंतर पाइलच्या डोक्याकडचं डिटेल मी कधी वरवर पाहिलं नाही.

आणि तिथलीच कस्टम हाउसची इमारत. २२ मीटर उंच, ३२ पाइल्सवर, प्रत्येक पाइल १८ मीटर. वर सुमारे १० मीटर चिकणमाती, खाली वाळू. भूकंपात ती वाळू पातळ झाली, वरची माती खाडीकडे सरकली, इमारत कलली. पडली नाही, पण कलली. तिथे पाइल किती टनांना बनवली होती हा मुद्दाच उरला नाही, तिच्या पायाखालची जमीन निघून गेली.

म्हणून तुमचे बोअरलॉग (भोक पाडून नोंदलेले जमिनीचे थर) परत काढा. ‘वर गाळ, खाली मुरूम’ एवढ्यावर थांबू नका. खाडीच्या तोंडाशी आहे म्हणता, तिथे वाळूचा दांडा असतोच. गाळात मधेच दोन-तीन मीटरचा बारीक वाळूचा थर आहे का, त्यात एसपीटी (थराचा घट्टपणा सांगणारा ठोक्यांचा आकडा) किती आलाय, ते बघा. बर्थसाठी ड्रेजिंग करून उतार सोडणार असाल तर तो उतार हादऱ्यात पाइलवर येईल का, हा हिशोब निराळा करा. निव्वळ चिकण गाळ वाळूसारखा पातळ होत नाही, पण मऊ पडतो आणि हादरा वाढवून वर पाठवतो.

झोनही तपासा. कोयनेभोवतीचा पट्टा झोन ४ मध्ये आहे आणि त्या रेषेचा भाग तुमच्या जिल्ह्यातून जातो. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा धक्का कोकणाने खाल्लेला आहे. जागा रेषेच्या अलीकडे की पलीकडे हे नकाशावर बोट ठेवून बघा. झोन ४ निघाला तर ०.१६ चे ०.२४ होतील आणि सगळे आकडे दीडपट.

जहाजाचं विचारलंत. पुण्याच्या मित्राने दिलेलं उत्तर बरोबर आहे, कारण मी सांगतो. जहाज आणि डॉल्फिन यांच्यामध्ये दोर आणि फेंडर (धक्का झेलणाऱ्या रबरी गाद्या) आहेत, दोन्ही मऊ. हजारो टनांचं जहाज अशा मऊ बांधणीवर आडवं हलतं तेव्हा त्याचा एक हेलकावा बऱ्याच सेकंदांचा, कधी मिनिटाच्या घरातला असतो. भूकंपाचे धक्के सेकंदाच्या हिशोबातले. जहाजाला ते कळेपर्यंत दिशा बदललेली असते. म्हणून जहाजाचं वस्तुमान डॉल्फिनच्या वस्तुमानात मिळवत नाहीत. पूर्ण बोलार्ड ओढ (दोराची ओढ) आणि पूर्ण भूकंपही एकाच वेळी धरत नाहीत. पण पाइलला लपेटलेलं पाणी आणि कालवं-शेवाळाचा थर यांचं वजन मात्र मिळवा. तुमच्या ५०० टनांत ते दिसत नाही.


खाडीकाठची:

काका, मनापासून आभार. आर बद्दलचं वाचलं आणि लगेच साहेबांना दाखवलं. ते थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले की आठही उभ्या पाइल्स घेऊन एकदा चालवून बघ.

चालवलं. कालावधी १.२५ आला, तुमच्या पानावरच्या आकड्याच्या जवळच. हुकाच्या ओढीत पाइलचं स्टील वाढतंय, पण १२०० व्यासातच बसतंय. बोअरलॉगमध्ये एका ठिकाणी गाळात शिंपल्यांची वाळू आहे, साधारण २ मीटर, एसपीटी ८ आणि ११. तो थर आधी कुणी वेगळा धरलाच नव्हता, ‘मरीन क्ले’च्या खात्यात गेला होता. जिओटेकवाल्यांना पुन्हा पाठवलंय.

दोन गोष्टी अजून अडलेल्या आहेत. जवळ रिंगा आणि टर्मी यांचं भांडण कसं मिटवायचं? आणि कॅटवॉक. तो आमच्याकडे वेगळ्या ड्रॉइंगमध्ये आहे, एका टोकाला पिन, दुसऱ्या टोकाला सरकतं बेअरिंग, सीट (टेकायची जागा) १५० मिमी. उभ्या पाइल्स घेतल्यावर डॉल्फिन जास्त हलणार, मग ते पुरेल का?


लाँगबीचचा_मराठी:

कॅटवॉक वाचून थांबलो. मी इथे लाँग बीचजवळ तेल उतरवायच्या टर्मिनलांच्या तपासणीचं काम करतो. आमच्याकडे या जेट्ट्यांसाठी राज्याचा वेगळा कायदेशीर मानक आहे, मोटेम्स म्हणतात. कॅलिफोर्निया बिल्डिंग कोडचं ३१एफ प्रकरण, २००६ पासून लागू. त्याची भाषा तुमच्या कामाला उपयोगी पडेल, जरी तिकडे तो बंधनकारक नसला तरी.

त्यात भूकंपाच्या दोन पातळ्या आहेत. जास्त जोखमीच्या टर्मिनलला पहिली ७२ वर्षांच्या पुनरावृत्तीची, दुसरी ४७५ वर्षांची. पहिलीनंतर किरकोळ नुकसान चालेल, काम थोडा वेळ थांबलं तरी हरकत नाही. दुसरीत पाइल वाकलेली चालेल, पण दुरुस्त करता आली पाहिजे आणि मोठी तेलगळती होता कामा नये. तपासताना ‘किती टन’ हा प्रश्न मागे पडतो. किती सरकेल, आणि तेवढं सरकल्यावर पाइलच्या काँक्रीटमध्ये आणि सळीत किती स्ट्रेन येईल (ते किती ताणलं-दाबलं जाईल), हे बघतात. ताकद पुरेशी निघाली म्हणून कुणाला सुटका मिळत नाही, सरकण्याचा हिशोब द्यावाच लागतो. तुमच्या साहेबांची ती ओळ इथे कुणी स्वीकारणार नाही.

आणखी एक. पाइलच्या डोक्याशी जास्त स्ट्रेन चालवून घेतात, जमिनीखाली बऱ्याच कमी. कारण डोकं उघडून बघता येतं, दुरुस्त करता येतं. गाळाखाली काय झालं ते कोण बघणार? १९९५ ला कोबेत ताकाहामा धक्क्याच्या लोखंडी पाइल्स डोक्याशी वाकल्याच, पण जमिनीखाली मऊ आणि कडक थर जिथे मिळतात तिथेही चेपल्या होत्या. उपटून काढल्यावर ते कळलं. तुमच्याकडे गाळ संपून पाषाण लागतो ती जागा अगदी तीच. १०० मिमीच्या रिंगा फक्त डोक्याशी देऊन थांबू नका.

कॅटवॉकला १५० पुरणार नाही. दोन शेजारचे डॉल्फिन एकाच तालात हलतील याची खात्री नाही. तुमचा डॉल्फिन मोठ्या भूकंपात १२ सेंटीमीटर हलला आणि शेजारचा त्याच वेळी उलट्या दिशेला तेवढाच गेला तर फट २४ सेंटीमीटर उघडते. सीटच १५ ची, म्हणजे कॅटवॉक पाण्यात. आणि त्यावरून हुकाच्या केबल आणि फायर वॉटरची लाइन जात असेल तर नेमकी जेव्हा लागणार तेव्हा ती तुटलेली असेल. सीट वाढवा आणि वर अडवणारी साखळी किंवा रोधक द्या. हे स्वस्तातलं काम आहे. लोडिंग आर्मच्या (जहाजाला जोडायच्या नळीच्या हाताच्या) पोचेतही प्लॅटफॉर्मचं सरकणं मिळवा.


पाणबुड्या_उरण:

मॅडम नमस्कार. मी डिझाइनवाला नाही, पाइलची पाण्याखालची तपासणी करतो. काकांनी कालव्यांचं लिहिलंय ते शंभर टक्के खरं. कालवं खरवडल्याशिवाय भेग दिसत नाही, आणि तपासणीच्या पैशात खरवडायचे पैसे कुणी धरत नाही.

एक विनंती आहे. डॉल्फिनच्या पाइलला प्रीकास्ट मफ (तयार काँक्रीटचं कडं) बसवला की पाइलचं डोकं त्याच्या आत लपतं. धक्का बसल्यावर पहिली भेग जिथे पडणार म्हणताय ती जागा आम्हाला कधी दिसतच नाही. मफचा तळ जरा वर ठेवता आला, किंवा पाइलची मानेची जागा उघडी ठेवली, तर उधाणाच्या ओहोटीला होडीतूनच बघून होईल. पाणबुड्या उतरवायचीही गरज नाही. आणि डॉल्फिनच्या खाली होडी बांधायला एक कडी ठेवा. प्रवाहात होडी एका हाताने धरून दुसऱ्या हाताने हातोडी मारावी लागते आम्हाला.

लायनरचं (पाइलभोवतीच्या लोखंडी नळकांड्याचं) पण बघा. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात लायनर आधी खातो. काही वर्षांनी तिथे पापुद्रे निघतात. त्याच्या भरवशावर कुणी ताकद धरली असेल तर ती ताकद तेव्हा उरलेली नसते.


स्ट्रक्चर_पुणे:

आर चा मुद्दा पटला. ५ घेऊन १३९२० सोडणं हे टिकणारं नाही, मी घाईत लिहिलं. पण काका, एक शंका. ब्रेस्टिंग डॉल्फिन आणि अप्रोच ट्रेसलचं (किनाऱ्यापासून जेट्टीपर्यंतच्या पाइल्सवरच्या पुलाचं) काय? ट्रेसलला तर किनाऱ्याजवळ पाणीच कमी, पाइल्स आखूड. तिथे तरी काळजी नसावी?


जुना_कांडलाकर:

उलट तिथे जास्त. आखूड पाइल ताठ असते. लांबी निम्मी झाली की ताठपणा आठपट. एकाच डेकखाली किनाऱ्याकडे ५ मीटरची पाइल आणि पाण्याकडे १५ मीटरची असेल तर हादऱ्याचा सगळा भार त्या किनाऱ्याकडच्या दोन रांगा घेतात आणि त्याच आधी फुटतात. अंदमानातल्या जेट्ट्यांना हे चांगलंच भोवलंय. उपाय करायचा तर ट्रेसलला जागोजाग सांधा द्या म्हणजे आखूड रांगा लांब रांगांना बांधलेल्या राहत नाहीत, किंवा आखूड पाइल्सभोवती मोठा बाही-लायनर घालून त्यांची मोकळी लांबी खाली वाढवा.

२००४ च्या २६ डिसेंबरला अंदमानात आणखी एक झालं, जे कुठल्याच गुणांकात बसत नाही. पोर्ट ब्लेअरची जमीन सुमारे एक मीटर खाली गेली आणि उत्तरेला दिगलीपूरकडची वर आली. एकीकडे भरतीला धक्क्यावर पाणी, दुसरीकडे बोट लागायला पाणी कमी. कोकणात तसं होईल असं मी म्हणत नाही, तो भूगोल निराळा.

ताई, आता रिंगांचं. कॉन्ट्रॅक्टरचं म्हणणं खोटं नाही, पण अर्धवट आहे. १०० मिमीवर १२ ची रिंग म्हणजे मधे ८८ मिमी मोकळं. २० मिमीची खडी तिथून जाते. अडकतं ते तीन कारणांनी. स्लंप (काँक्रीटचा पातळपणा) कमी, उभ्या सळ्या दाटीने लावलेल्या, आणि लॅप (सळीला सळी जोडायची जागा) नेमका त्याच पट्ट्यात. तेव्हा लॅप डोक्याच्या पट्ट्यातून खाली न्या. उभ्या सळ्या ३२ च्या घेऊन संख्या कमी करा. खडी १२ पर्यंत उतरवा, स्लंप १८० ठेवा आणि तो बार्जवर ओतायच्या वेळचा मोजा, प्लांटवरचा नको. डोक्याचा पट्टा तसाही लायनरच्या आत, पाण्याच्या वर आहे. तिथे बाहेरून माती ढासळायची भीती नाही, आणि वरचे दोन-तीन मीटर व्हायब्रेटरने बसवता येतात. पाषाणाच्या माथ्याजवळच्या पट्ट्यात मात्र व्हायब्रेटर नाही, तिथे दोन-दोन रिंगा जोडीने बांधून मोकळी जागा वाढवा. आधी एक पूर्ण केज (सळ्यांचा सांगाडा) जमिनीवर बांधून आडवा ठेवायला लावा आणि त्यात टर्मीचा पाइप घालून दाखवायला सांगा. कॉन्ट्रॅक्टरचा निम्मा विरोध तिथेच संपतो.

रिंगांची टोकं १३५ अंशांत गाभ्यात वळलेली पाहिजेत. ९० ची टोकं कव्हर गळालं की उघडतात. साइटवर हे कंटाळा म्हणून टाळतात, कारण मोठ्या केजला आत वाकवणं जिकिरीचं आहे. तिथे वेल्डेड रिंग मान्य करा, पण वेल्ड पूर्ण लांबीचा आहे ना ते स्वतः बघा.

चिपिंगही (वरचं खराब काँक्रीट तोडणं) ड्रॉइंगवर लिहा. टर्मीच्या शेवटच्या काँक्रीटमध्ये गाळ-राडा मिसळलेला असतो. म्हणून कट-ऑफच्या (पाइल जिथे संपवायची त्या पातळीच्या) वर किमान पाऊण-एक मीटर ओतायचं आणि ते तोडून चांगलं काँक्रीट लागेपर्यंत खाली यायचं. वेळ वाचवायला लोक कट-ऑफलाच थांबतात. मग ज्या जागी तुम्ही १०० मिमीच्या रिंगा दिल्यात तिथेच सगळ्यात वाईट काँक्रीट बसतं.

मफबद्दल उरणच्या दादांनी लिहिलंय ते तुमच्या साहेबांना जसंच्या तसं वाचून दाखवा. इतकी वर्षं काम करून मला ते सुचलं असतं तर बऱ्याच ठिकाणी हातोडी मारणं सोपं गेलं असतं.


खाडीकाठची:

मफचा तळ ३०० मिमी वर घेतला, कडी ड्रॉइंगवर आली. कॅटवॉकची सीट ४०० आणि दोन्ही टोकांना रोधक. केजचा नमुना कॉन्ट्रॅक्टरने पुढच्या आठवड्यात बांधायचं कबूल केलंय.

शेवटचं एक. हुकांबद्दल साहेबांनीच आता विचारलं: भूकंपानंतर त्सुनामी आली तर बांधलेल्या जहाजाचं काय? दोर तुटले तर हुक वाचतो, पण जहाज सुटतं.


जुना_कांडलाकर:

साहेबांनी विचारलं हे फार बरं वाटलं.

आपल्या किनाऱ्याला मकरानकडून धोका आहे. १९४५ च्या नोव्हेंबरात तिथे मोठा भूकंप झाला आणि लाटा मुंबईपर्यंत पोचल्याची नोंद आहे. त्सुनामी बंदरात नेहमी भिंतीसारखी येत नाही. पाणी चढतं, उतरतं, आणि मधे जबरदस्त प्रवाह आणि भोवरे. तो प्रवाह मिनिटांच्या हिशोबाचा असतो, त्यामुळे भूकंपाचा हादरा जहाजाला जाणवत नसला तरी हा पुरता जाणवतो. २००४ ला ओमानच्या सलालाह बंदरात २८५ मीटर लांबीच्या कंटेनर जहाजाचे सगळे दोर तुटले, ते तासन् तास भरकटलं आणि वाळूत रुतलं. भूकंपाचं केंद्र सुमात्राजवळ होतं. चेन्नई बंदरातही त्या दिवशी जहाजं सुटली होती.

डॉल्फिनच्या बाजूने तुम्ही करू शकता ते एवढंच: हुकाचे अँकर बोल्ट आणि त्याखालचं काँक्रीट दोर तुटायच्या जोरापेक्षा भक्कम ठेवा, म्हणजे आधी दोर जाईल, हुक उपटून डेकवर येणार नाही. आणि हुक सोडायची सोय तीन प्रकारे ठेवा: नियंत्रण कक्षातून, डॉल्फिनवरच्या बटणाने, आणि हाताच्या लिव्हरने. पहिल्या दोन्हींना वेगळी बॅटरी द्या, कारण हादऱ्यानंतर वीज जातेच. इशारा मिळून वेळ असेल तर जहाज सोडून खोल पाण्यात काढतात, आणि तो निर्णय कॅप्टन आणि बंदराचा असतो. त्यांना तो घेता यावा म्हणून हुक सुटला पाहिजे, आणि हुकापर्यंत माणूस पोचला पाहिजे. त्याला जायला तोच कॅटवॉक आहे.

रोधकाचे बोल्ट कुठल्या ग्रेडचे घेतलेत ते कळवा. समुद्रावर साधे बोल्ट टिकत नाहीत.